नेरोबर्गचा बिल्ला

मित्रांनो, मला पाहून कुणा आजारी माणसाच्या आधाराची काठी समजू नका. मी डोंगर चढणारी काठी आहे. जुनी, काळवंडलेली, पण अजून सरळ.

जर्मनीतल्या वेरा नदीकाठच्या एका गावात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने चेस्टनटचे कोवळे खोड वाफेवर मऊ केले, त्याची मूठ वाकवली आणि तळाला लोखंडी टोक बसवले. पुढे मी कासेल शहरातल्या रोसविथा केम्परबाईंच्या हाती आले. त्या भूगोल शिकवीत. त्यांच्यासोबत मी कितीतरी डोंगर चढले. आमच्याकडे रीत अशी, की डोंगर पायी चढला की तिथला छोटा पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि बारीक खिळ्यांनी काठीवर ठोकायचा. गाडीने वर गेलेल्या माणसाने बिल्ला लावायचा नाही. कुणी तपासत नाही, म्हणूनच ही रीत सगळे पाळतात. माझ्या अंगावर बिल्ले चमकत, तेव्हा वाटेतले लोक थांबून ते वाचत आणि मला कौतुकाने हातात घेत.

मग बाईंचा खुबा दुखू लागला. डोंगर सुटले. घरातल्या फरशीवर घसरू नये म्हणून माझ्या लोखंडी टोकावर रबरी टोपी चढवली गेली. मी न्हाणीघरापर्यंत आणि परत, एवढीच चाले. नंतर तेही थांबले. दाराआड, ओल्या छत्र्यांच्या शेजारी, मी धूळ खात उभी राहिले. बिल्ले काळे पडले. टोपीचे रबर वाळून दगडासारखे झाले. त्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही.

खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पुढच्या शरद ऋतूत बाईंनी मला पुसून काढले आणि शनिवार-रविवार मैत्रिणीकडे राहायला वीसबाडेनला नेले. आल्मुट ही त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीण. एकहार्ड तिचा नवरा.

शनिवारी सकाळी बाई नाश्त्याला आल्या, तर एकहार्ड मला पाठीमागे लपवून हसत उभा होता. त्याने मला पुढे केले; माझ्या अंगावर गावालगतच्या डोंगराचा एक कोरा करकरीत बिल्ला होता: नेरोबर्ग.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"तुला भेट! सकाळीच ठोकला. दुपारी आपण रुळांवरच्या गाडीने वर जाऊ, केक खाऊ, खाली येऊ."

"एकहार्ड, मी तो डोंगर चढलेली नाही."

"अगं, डोंगर कसला, टेकडी ती! आणि कोण विचारणार आहे? काठी बोलणार आहे का?"

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तेव्हाच बोलले असते. न केलेल्या कामाचे कौतुक अंगावर घेऊन उभे राहणे फार जड जाते.

बाईंनी अंड्याचे टरफल शांतपणे फोडले. "उद्या संध्याकाळी माझी परतीची गाडी आहे. तोवर मी पायी चढेन. नाही जमलं, तर हा बिल्ला उपटून तुझ्या हातात देईन."

दुपारी आम्ही पायीच निघालो. वाटेत आल्मुटने गावातल्या गरम झऱ्याचे खारट पाणी बाईंपुढे धरले. "पी. सांध्यांना बरं असतं."

"इतकी वर्षं तू पितेस, आणि जिन्यात धापा टाकतेस!"

"न पिता काय झालं असतं, त्याचा विचार कर," आल्मुट म्हणाली.

त्या दोघींचे हसू द्राक्षमळ्याच्या वळणापर्यंत टिकले. तिथे बीच झाडांची ओली पाने पसरली होती. बाईंनी भार टाकला आणि माझी कडक टोपी सर्रकन घसरली. आल्मुटने दंड धरला म्हणून त्या वाचल्या. तिथूनच सगळे परतले.

"पुरे झाला हट्ट," घरी आल्यावर आल्मुट म्हणाली. "ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसले होते. पुन्हा नाही बसायचं मला."

"तू बसली होतीस, म्हणून तुलाच सांगते," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून सगळे मला उचलून ठेवतात. इथून तिथे, फुलदाणीसारखं. टेकडी लहान असू दे, पण उद्या मी गाडीतून वर गेले, तर घरी जाऊन पुन्हा खुर्चीतच बसेन. मला माझं माहीत आहे."

एकहार्डने मला उचलले आणि उलटे करून टोपीवर नख मारून पाहिले. "पाय नाही घसरला हिचा. हे बघ, रबर मेलंय."

"मग नवं आण," आल्मुट म्हणाली.

"आजची दुकानं मिटली, उद्या रविवार. सगळी दुकानं बंद." त्याने पुन्हा टोपी चाचपली. "पण खाली लोखंड असेल ना?"

त्याने माझे टोक कढत पाण्यात धरले, पकडीने टोपी ओढून काढली, कानशीने गंज घासला. मग कुणी न सांगता त्याने तो बिल्लाही काढून खिशात टाकला.

रविवारी आम्ही निघालो. माझे टोक पानांतून थेट मातीत रुतत होते. आल्मुट शेजारून चालत होती, हात पाठीमागे घट्ट बांधून. ते तिला किती कठीण जात होते, हे मला दिसत होते. पिवळी गाडी दोनदा शेजारून वर गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलेही नाही. चढाव तीव्र झाला, तेव्हा त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीत उतरला.

"थांबूया का?" आल्मुटने विचारले.

"एकहार्डसाठी थांबू. तो बघ, टोमॅटो झालाय."

"मी देखावा बघतोय!" मागून एकहार्ड धापा टाकत ओरडला.

माथ्यावर पोचल्यावर बाई बराच वेळ माझ्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. एकहार्डने खिशातून बिल्ला आणि छोटी हातोडी काढून पुढे केली. बाईंनी हातोडी आल्मुटला दिली. "तू ठोक. सगळ्यात अवघड काम तू केलंस."

आल्मुटने डोळे पुसत खिळे ठोकले. बिल्ला थोडा वाकडा बसला. माझ्या अंगावर तेवढा एकच वाकडा आहे.

"आता उतरतानाही पायीच का?" एकहार्डने भीत भीत विचारले.

"छे! उतरण्याचा बिल्ला कुठे असतो?" असे म्हणून बाई गाडीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड माझ्यासारखी एखादी काठी असेल. तिला कधीतरी पुसा, तेल लावा, तिचे टोक तपासा. आणि ती ज्यांच्या हातात आहे, त्यांनी मागितल्याशिवाय त्यांचा दंड धरू नका. फक्त ते पडले तर सावरता येईल, इतक्या जवळून चाला.