लालांमधला तपकिरी

रियासत आशियाचा अजिंक्यवीर होऊन परतला, तेव्हा फैसलाबाद स्टेशनवर आम्ही ढोल घेऊन गेलो होतो. त्याला पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे खाल्ले. स्नूकरच्या टेबलावरचे लाल बॉल आणि तपकिरी बॉल त्याला सारखेच दिसू लागले. हे फक्त त्याच्या बायकोला, शमीमला, ठाऊक होतं आणि मला. माझ्याच क्लबात तो खेळायला शिकला, म्हणून मला चाचा म्हणतो.

"रंग पंचाला विचार की. नियमातच आहे, त्याला सांगावंच लागतं," मी म्हणायचो.

"एकदा विचारलं की साऱ्या मुलखाला कळेल, चाचा. तपकिरी आपल्या ठरलेल्या जागेवर आहे तोवर माझं भागतं."

यंदा कराचीत निवडीचा शेवटचा सामना होता. जिंकेल तो जागतिक स्पर्धेला जाणार. "या खेपेला नाही गेलो, तर पुढे जायला डोळेच उरणार नाहीत," रियासत आगगाडीत म्हणाला होता.

समोर लाहोरचा हम्माद, विशीतला. दोघे बरोबरीत आले, शेवटचा डाव सुरू झाला आणि एका फटक्यात तपकिरी जाऊन लालांच्या घोळक्यात बसला. पाळी रियासतची. पांढरा बॉल लाल सोडून दुसऱ्याला आधी लागला तर चूक. क्यूची काठी घेऊन तो टेबलाभोवती फिरला, वाकला, पुन्हा उभा राहिला.

"यातला तपकिरी कोणता?" त्याने पंचाला विचारलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पंचाने बोट दाखवलं. रियासतने लाल खिशात घातला, मग काळा, मग पुन्हा लाल. आघाडी घेतली. मला वाटलं, सुटला पोरगा.

पण आता हम्मादलाही कळलं होतं. आपल्या पाळीला त्याने बॉल घालायचं बघितलंच नाही. हलक्या हाताने दोन लाल तपकिरीच्या अंगाला नेऊन लावले. रियासतला पुन्हा विचारावं लागलं. हम्मादने पुन्हा तेच केलं. यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं.

"उस्तादजी, चष्मा घरी राहिला का?" मागून कोणीतरी ओरडलं.

"क्यू ठेवा, पांढरी काठी घ्या!"

लोक हसले. पंचाने दटावलं आणि रियासत विचारेल म्हणून तो थांबला. रियासतने विचारलं नाही. वाकला आणि मारलं.

तपकिरीला लागलं. घोळका फुटला. हम्मादने टेबल रिकामं केलं.

खेळ संपल्यावर हम्माद मान खाली घालून आला. "उस्तादजी, मी..."

"तुझ्या वयात मीही हेच केलं असतं. आणि तुझ्याआधी केलं असतं," रियासत म्हणाला. "जा, तुझे अब्बू वाट बघताहेत."

बाहेर आलो तोच शमीमचा फोन आला. रियासतने तो माझ्या हातात दिला.

"हरला, बेटी."

"त्यांनी विचारलं होतं का, चाचा?"

"विचारलं."

"म्हणजे आता सगळ्यांना कळलं," ती म्हणाली.

रियासत रस्त्याच्या कडेला उभा होता. समोरून रिकामी रिक्षा आली, तो तिच्याकडेच बघत होता. त्याचा हात वर गेला नाही, म्हणून मीच हात केला.