नारिंगी झेंड्यामागे

वाउटरने सीट दोन बोटं वर घेतली, पाना परत दिला आणि सायकलच्या मागे लावलेल्या लांब काठीकडे बोट दाखवलं. काठीच्या टोकाला नारिंगी झेंडा होता.

"हा निघतो का?"

"नाही," दुकानाची मालकीण म्हणाली. "गाइडची सायकल आहे. गाइड तापाने पडलाय. दुसरी शिल्लक नाही." तिने त्याच्या ओळखपत्रावरचा पत्ता पुन्हा वाचला. "तू आम्स्टरडॅमचा? आणि भाड्याची सायकल?"

"माझी हरवली."

"चोरीला गेली म्हण. तेवढीच अब्रू राहील."

पण चोरीला गेली नव्हती. काल रात्री मित्राच्या वाढदिवसाला पिऊन त्याने ती कुठेतरी लावली होती, आणि कुठे ते आठवत नव्हतं. आठवत होता तो पाऊस, एक हिरवा लोखंडी कठडा, आणि कुलूप लावताना का कोण जाणे फार बरं वाटलं होतं ते. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या खिशात होत्या. फक्त सायकल नव्हती. आणि सायकल त्याची नव्हतीच. ती हिल्केच्या आत्याची. दोन महिन्यांपूर्वी हिल्के घर सोडून गेली, तेव्हा एवढीच एक वस्तू मागे राहिली होती. आज पाच वाजता ती न्यायला येणार होती. त्यानंतर तिला त्या घरी यायला काही कारण उरणार नव्हतं.

रोझेनग्राख्तच्या सिग्नलवर त्याने सवयीने पायडल उलटं दाबलं. ब्रेक लागला नाही. इथल्या सायकलींचा ब्रेक पायडलमध्ये असतो, भाड्याच्या सायकलींचा हाताशी. मागून येणारी बाई ओरडली, "टुरिस्ट!" चौतीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. उलट उत्तर द्यायला तो वळला, तर मागे अकरा पिवळ्या सायकली एका रांगेत उभ्या होत्या.

"आम्ही आलो हो!" पहिल्या सायकलवरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात हलवला. "दुकानापासून मागेच आहोत. तुम्ही फार जोरात जाता."

ती ब्रेमेनच्या टपालखात्यातून निवृत्त झालेली मंडळी होती, आणि झेंड्यामागे जायचं एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. पुढच्या बाईंचं नाव इर्मगार्ड.

"बाई, मी गाइड नाही. सायकल शोधतोय."

इर्मगार्डबाईंनी मागे वळून जर्मनमध्ये ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. एकाने वहीत लिहून घेतलं.

तो लाल दिव्यात घुसला. ते अकराजण हिरव्याची वाट बघत थांबले आणि पुढच्या पुलावर त्याला गाठलंच. झेंडा लांबून दिसत होता. तो बोळात शिरला, तेही शिरले. स्टेशनमागच्या फेरीबोटीवर त्याने उडी मारून सायकल चढवली, तर ते आधीच आत उभे. मित्राच्या घराजवळचा कठडा काळा निघाला. वाचनालयासमोर तीनेकशे सायकली होत्या. तो एकेक बघत गेला आणि टपालखात्याने त्या सगळ्यांचे फोटो काढले.

"इथे काय घडलं?" वहीवाल्याने विचारलं.

"इथे ती पहिल्यांदा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसली," वाउटर वैतागून म्हणाला. "चालत्या सायकलवर उडी मारून. पुढे तोल गेला, आम्ही दोघं त्या झाडावर."

अकराजणांनी झाडाचे फोटो काढले.

साडेतीनला आभाळ भरून आलं आणि फोन वाजला. हिल्के.

"पाच वाजता येते. सायकल आहे ना?"

"आहे की."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? दाराशी."

"पाऊस येतोय. सीटवर पिशवी घातलीस?"

"घातली."

पलीकडे कपात चमचा वाजला. मग "बरं," आणि फोन बंद.

पाऊस आला. तो पायडल आणखी जोरात मारू लागला. कालवा, पूल, बाजार, पुन्हा कालवा. हिरवे कठडे निघाले चार, त्यातल्या एकालाही ती सायकल नव्हती. साडेचार वाजून गेले. दापरच्या बाजाराशी तो झटकन डावीकडे वळणार, तेवढ्यात इर्मगार्डबाईंनी आपली सायकल सरळ त्याच्या पुढ्यात आडवी घातली. हातातला नकाशा भिजून लोळागोळा झाला होता.

"अहो, या उजवीकडच्या गल्लीशी येऊन तुम्ही तीनदा वळलात. आत काय आहे?"

"काही नाही."

"छत्तीस वर्षं पत्रं वाटली मी. माणूस एखादी गल्ली टाळतो तो दोनच कारणांनी. एक म्हणजे कुत्रा."

वाउटरने सीटवरचं पाणी बाहीने पुसलं. ते लगेच पुन्हा साचलं.

"कुत्रा नाहीये ना?" बाई म्हणाल्या, आणि वळल्या. मागोमाग दहा सायकली वळल्या. त्या गल्लीत तो शिरला, पण जन्मात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या मागे.

अठरा नंबरच्या दाराशी हिरवा कठडा होता. कठड्याला आत्याची काळी सायकल, दोन्ही कुलपांसकट. सीटवर बेकरीची पिशवी घट्ट ओढून बसवलेली, खाली दुहेरी गाठ. त्याने काल अशी पिशवी घातली नव्हती. त्याला दुहेरी गाठ येतही नव्हती.

गाठ हाताने चाचपत तो तसाच उभा राहिला. पाचचे ठोके पडले.

"इथे काय घडलं?" वहीवाल्याने हळूच विचारलं.

वाउटरने मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं. टपालखात्यानेही पाहिलं, मग कुणीतरी घंटी वाजवली, आणि पाहता पाहता अकराही घंट्या वाजू लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर, आपल्या नव्या घराच्या बिनपडद्याच्या खिडकीत हिल्के कप घेऊन बसली होती. पायात चपलासुद्धा नव्हत्या. ती कुठे निघालेली दिसत नव्हती. तिने खिडकी वर सरकवली.

"हे कोण?"

"माझ्याबरोबर आहेत."

"बिस्किटं नाहीत हं एवढी."

"मी सायकल..." त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. "पाच वाजले. आणली."

तिने किल्ल्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"पिशवी काढू नकोस," ती म्हणाली. "पाऊस थांबू दे आधी."

तिने वरून कळ दाबली तसं खाली दाराचं कुलूप खट्कन उघडलं. इर्मगार्डबाईंनी वाउटरच्या हातातून झेंड्याची सायकल काढून घेतली आणि वहीवाल्याकडे वळून विचारलं, हा पाऊस साधारण कधी थांबतो. त्याने वहीची सगळी पानं उलटून पाहिली. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.