अकरा महिने ठेवलेली गाडी

"हात नका लावू हं, आजोबा. कालच पॉलिश केलंय."

डेरेक सग्डननं हात मागे घेतला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, दोरीच्या पलीकडे गवतावर एक तांबडी मेट्रो मोटार चकाकत उभी होती. तिच्या शेजारी एक शेव्हेट, दोन अॅस्ट्रा, पुढे फिएस्टांची रांग. सगळ्या ऐंशीच्या दशकातल्या, मागचं दार वर उघडणाऱ्या, चार माणसांच्या घरातल्या साध्या हॅचबॅक. एके काळी गल्लीत दर तिसऱ्या दारासमोर अशी एक असायची आणि कुणी वळूनही बघत नसे. आता लोक मैलोन्‌मैल गाडी हाकत येऊन त्यांचे फोटो काढत होते.

"तुमच्याकडे होती का अशी एखादी?" मालकानं विचारलं.

"माझ्याकडे? चारेक हजार होत्या."

"चार हजार?"

"भंगारचं आवार होतं माझं. सगळ्या चेपल्या."

मालकाचा चेहरा असा झाला, जणू म्हाताऱ्यानं मांजराची पिल्लं बुडवल्याचं कबूल केलं होतं. त्याची बायको मात्र घडीच्या खुर्चीत बसून सँडविच खाता खाता हसत सुटली. "एकही नाही ठेवलीत?"

"एक ठेवली होती," डेरेक म्हणाला. "अकरा महिने."

तिनं शेजारची रिकामी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली. थॉर्नली ब्रिजला, कालव्याच्या काठी डेरेकचं आवार होतं. तो, त्याची बायको बेरिल आणि बेरिलचा भाऊ नॉर्मन. येईल ती गाडी घ्यायची, कामाचे भाग काढून विकायचे, आणि वर्षातून दोनदा चेपायचं यंत्र भाड्यानं यायचं तेव्हा उरलेला सांगाडा त्यात घालायचा. सीटखाली काय सापडतं त्यावरून डेरेक घरातली माणसं ओळखायचा. वाळू आणि टॉफीचे कागद म्हणजे पोरंबाळं. विणायची सुई म्हणजे सासू मागे बसायची. गाडी सोडायला आलेली माणसं कागदावर सही करून निघायची, फाटकापर्यंत जायची आणि परत येऊन टपावर एकदा हात ठेवायची. पहिल्या वर्षी डेरेक आणि नॉर्मन त्यावर हसले होते. मग बेरिलनं दोघांनाही झाडलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्या गुरुवारी यंत्र आलेलं होतं. डेरेक फोर्कलिफ्ट घेऊन एका बिस्किटी रंगाच्या मेट्रोपाशी गेला आणि उचलणार इतक्यात त्याला डाव्या सीटवर एक करडी टोपी दिसली. टोपीखाली एक बाई होती. थर्मासमधून चहा ओतत होती.

"ओ बाई! काय करताय तिथं? उतरा खाली! उचलणार होतो की मी आता!"

काच खाली आली. "तुमचं चालू द्या, मिस्टर सग्डन. मला फक्त चार वाजेपर्यंत बसायचंय."

"माझं चालू झालं तर तुम्ही जेवणाच्या डब्याएवढ्या व्हाल."

बाईनं यावर क्षणभर विचार केला. "मग चारनंतर चालू करा," ती म्हणाली, आणि काच वर गेली.

डेरेकनं फोर्कलिफ्ट मागे घेतली. चारनंतर अंधारून आलं, दुसऱ्या गाड्या यंत्राच्या तोंडाशी होत्या, मेट्रो राहून गेली. पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा हजर. साडेबाराच्या बसनं यायची, चारच्या बसनं जायची.

"अरे, ती मिस ऑर्मरॉड," बेरिल म्हणाली. "चर्च स्ट्रीटवरच्या लोकरीच्या दुकानातली. तुझा हा स्वेटर तिच्याच लोकरीचा. दुकानात त्या दोघी होत्या ना, ती आणि मिस डिलिस."

"मग ती दुसरी कुठाय?"

"ऑगस्टात गेली बिचारी. गाडी तिच्या नावावर होती. पुतण्यानं आणून टाकली तुझ्याकडे."

गुरुवारी दुपारी गावातली दुकानं बंद असायची. एकतीस वर्षं दोघी जणी दर गुरुवारी मॉरकमला जायच्या. समुद्राकडे तोंड करून गाडी लावायच्या आणि आत बसूनच अंड्याची सँडविचं खायच्या, चहा प्यायच्या. आधी दुसऱ्या कुठल्या कुठल्या गाड्या होत्या, त्र्याऐंशीपासून ही मेट्रो. चालवायची डिलिस. मिस ऑर्मरॉड डावीकडे. हे सगळं बेरिलनं दोन गुरुवारांत काढून घेतलं, त्या बदल्यात तिला आपल्या गुडघेदुखीची अख्खी कहाणी सांगून.

"मग काय करू म्हणतेस?" डेरेकनं विचारलं.

"काही नको करू. तेवढंच कर."

डेरेकनं मेट्रो उचलून कालव्याच्या बाजूला, भिंतीजवळ नेऊन ठेवली. समोरचं पाणी दिसेल अशी. त्याविषयी कुणी काही बोललं नाही. फक्त नॉर्मन दर गुरुवारी ओरडायचा, "भाऊजी, सासूबाई आल्या तुमच्या!" मेट्रोचं दार हवं, बोनेट हवं म्हणून गिऱ्हाइकं यायची. डेरेक सांगायचा, विकली गेलीय. वसंतात यंत्र पुन्हा आलं आणि गेलं. मेट्रो तिथंच.

एप्रिलात एका बुधवारी डेरेक दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. गुरुवारी सकाळी त्यानं पाहिलं तर मेट्रोची डावी सीट गायब.

"नॉर्मन! सीट कुठाय?"

"विकली की काल. डाव्या बाजूचीच हवी होती त्याला." मग नॉर्मनला वार आठवला. तो मान खाली घालून टायर मोजायला लागला.

"गाढवा! आता काय सांगू तिला?"

सांगायची वेळच आली नाही. साडेबाराच्या बसनं मिस ऑर्मरॉड आली, दार उघडलं, आणि उघड्या पत्र्याकडे बघत उभी राहिली. डेरेक टोपी हातात घेऊन जवळ गेला. "बाई, चूक झाली. मी दुसरी आणून बसवतो, अगदी आत्ता—"

तिनं हात वर केला. दार लोटलं, गाडीला वळसा घातला, उजवं दार उघडलं आणि चालकाच्या सीटवर बसली. डिलिस बुटकी होती. सीट पार पुढं ओढलेली. मिस ऑर्मरॉडचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागत होते. तिनं दोन्ही हात चाकावर ठेवले.

"असं दिसायचं होय तिला," ती म्हणाली.

डेरेकनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मी त्या पुतण्याला पत्र लिहिलं होतं, मिस्टर सग्डन. गाडी मला द्या म्हणून. त्यानं उलट लिहिलं, तुम्हाला चालवता कुठं येते? तसा सभ्य आहे तो. आणि खोटं नव्हतं त्यात काही." तिनं चाक थोडं डावीकडे फिरवून पाहिलं. "वय किती चालतं हो शिकायला?"

"तुमचं किती?"

"अडुसष्ट."

"चालतं," डेरेक म्हणाला. खरं तर त्याला ठाऊक नव्हतं.

इंजिन शाबूत होतं. खालचा पत्रा मात्र पंधरा हिवाळ्यांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठानं खाल्लेला. डेरेक खाली सरपटला तर ओंजळभर तळ त्याच्या हातात आला. ही गाडी पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, हे त्यानं तिला स्पष्ट सांगितलं. तिनं मान डोलावली. आवारात फिरवायला काही हरकत नव्हती.

डाव्या बाजूला दुधाच्या बाटल्यांचं क्रेट उपडं घालून डेरेक त्यावर बसला. पहिल्या दिवशी गाडी नऊ वेळा बंद पडली.

"पाय हळू सोडा, बाई. हळू! शिवणयंत्र नाहीये ते!"

"शिवणयंत्र मी चाळीस वर्षं चालवतेय, मिस्टर सग्डन. ते एकदाही असं आचके देऊन थांबलं नाही."

जूनपर्यंत ती गाड्यांच्या ढिगांमधून आठाचा आकडा काढायला लागली. बेरिल हातात लाल फडकं घेऊन वळणावर उभी राहायची आणि ते हलवायचं सोडून टाळ्या वाजवायची. एकदा मिस ऑर्मरॉडनं नॉर्मनचा जेवणाचा डबा चिरडला. "मुद्दाम केलं तिनं," नॉर्मन म्हणाला. "बरं केलं," बेरिल म्हणाली.

मग रस्त्यावरचं शिकवायला रीतसर शिक्षक लावला. एका निवृत्त बँक मॅनेजरनं नजर गेली म्हणून निळी फिएस्टा आणून सोडली होती. ती डेरेकनं चेपली नाही. दोन महिने रविवारी खपून उभी केली. चारही टायर नॉर्मननं आपल्या खिशातून घातले आणि कुणाला सांगू नका म्हणाला, त्यामुळे गावभर झालं. पहिल्या परीक्षेत मिस ऑर्मरॉड नापास, दुसऱ्यातही. तिसरीहून आली तेव्हा बेरिलनं खिडकीतूनच ओळखलं, कारण बाई आवारात धावत येत होती आणि टोपी हातात होती.

पुढं बारा वर्षं तिनं ती निळी गाडी चालवली. मॉरकमलाही गेली. पहिल्या खेपेला डेरेक आणि बेरिलला घेऊन. भरती होती, वारा इतका की दार उघडवेना. तरी ती उतरली. डिलिसला छातीचा त्रास, म्हणून दोघी कधी उतरल्या नव्हत्या. कठड्यापाशी जाऊन ती अर्धा तास उभी राहिली आणि आली ती लालबुंद गाल घेऊन. "मासळीचा वास येतो हो तिथं," ती म्हणाली, जसं काही तिला कुणी फसवलं होतं.

पण ते नंतर. त्याच्या आधी, सप्टेंबरात, यंत्र यायचं झालं तेव्हा डेरेक स्वतः लोकरीच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक जाईपर्यंत दाराशी उभा राहिला.

"मंगळवारी येतंय यंत्र. तुम्ही म्हणाल तर अजून ठेवतो. मला जागा आहे."

तिनं लोकरीचा गुंडा जागेवर ठेवला, शेजारचे दोन सारखे केले. "नको," ती म्हणाली. "आता होऊ दे. मी येईन."

मंगळवारी आठ वाजता ती आली, फिएस्टा घेऊन, एकटी. गाडी फाटकाबाहेर नीट कडेला लावली. तिनं डिलिसचा हिरवा कोट घातला होता. बाह्या आखूड होत होत्या. "काही काढून घ्यायचंय का आतलं?" डेरेकनं विचारलं.

"काही नाही. आम्ही तिच्यात काही ठेवायचो नाही. सँडविचचे कागदसुद्धा घरी न्यायचो."

डेरेकनं मेट्रो उचलली, चार हजार गाड्यांमध्ये कधी उचलली नसेल इतक्या सावकाश, आणि यंत्रात ठेवली. बेरिलनं बाईचा दंड धरला. नॉर्मननं रेडिओ बंद केला. तीन-चार मिनिटांचं काम. काचा आधी जातात, मग टप. मिस ऑर्मरॉडनं एकदाही नजर वळवली नाही. आवाज थांबल्यावर तिनं बेरिलचा हात हलकेच सोडवला आणि घड्याळ पाहिलं.

"नऊला मिसेस क्रॉशॉ यायचीय. सुनेला जुळं व्हायचंय, पिवळी लोकर हवीय. आता विणायला घेतलं तरच वेळेत होईल."

"चहा तरी घेऊन जा," बेरिल म्हणाली.

"गुरुवारी येईन ना."

तिनं हातमोजे चढवले, गाडीत बसली, पट्टा लावला, आरसा पाहिला. डेरेक फाटकाशी उभा होता. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, कालव्यापासून चढापर्यंत एकही वाहन नव्हतं. तरी तिनं उजवीकडचा इशाऱ्याचा दिवा लावला, मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं, थोडी थांबली, आणि मग निघाली.