वागियोच्या आवाजाची तबकडी

हे कुणाला खरं वाटणार नाही. न वाटो, माझं काही जात नाही. फक्त हातातला आल्याचा चहा आधी बाकावर ठेवा, कारण मध्येच हसू आलं तर तो नाकातून येतो, आणि पुढे पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

वागियो म्हणजे लग्नात बोलणारा माणूस. क्लातेन गावापासून वरच्या उसाच्या मळ्यांपर्यंत अशी नवरी सापडायची नाही जिला वागियोच्या आवाजाने मांडवात आणून बसवलं नाही. तो दरबारी जावानीज बोलायला लागला की घामाघूम झालेला नवराही स्वतःला राजपुत्र समजून पोट आत ओढून घ्यायचा. मग वागियोच्या घशात गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आवाज थोडाफार येईल, पण पूर्वीचा विसरा. वागियोने मान डोलावली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घर तेवढ्यावर चालायला लागलं.

आणि अशात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, रारसचं लग्न ठरलं.

सगळ्या गावाच्या लेकींना या माणसाने नाव घेऊन निरोप दिला होता. आपल्याला मात्र आपला बाप टाळी वाजवून वाटेला लावणार, हे काही रारसच्या गळी उतरेना. ती कुणाला बोलली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला पिवळं उटणं फासून, ते सुकायची वाट बघत खोलीत बसली होती, तेव्हा भर दुपारी लिक सार्जू आला. हा वागियोचा धाकटा चुलतभाऊ, रारसचा लिक म्हणजे काका. त्याने शर्टाच्या आतून एक तबकडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"न्दुक, पोरी, तुझा बाप आणलाय."

रारसने तबकडी उलटसुलट करून पाहिली. "लिक, ही तर फुटबॉलच्या गेमची आहे."

"आहेच. पण आत बोलतंय कोण?"

एके काळी सार्जूचं गेम भाड्याने खेळायला देणारं दुकान होतं. गेममधलं परदेशी समालोचन पोरांना कळायचं नाही, म्हणून याने ते उपटून काढलं आणि त्या जागी वागियोला बसवलं. वागियोने फुटबॉलही लग्नासारखाच सांगितला. गोल झाला की तो म्हणायचा, "श्रीमान चेंडू जाळीच्या मखरात स्थानापन्न होत आहेत, उपस्थितांनी उभं राहून स्वागत करावं." पोरं जमिनीवर लोळायची.

"आणि करंडक जिंकल्यावर जे बोललाय," सार्जू म्हणाला, "त्यात तुझं नाव आहे. तुला मांडीवर घेऊनच बोलला होता. तू मध्येच रडलीस म्हणून दोनदा बोलावं लागलं."

"काय बोलले?"

"ते मला आठवत असतं तर मी इथे कशाला आलो असतो? कुणी ऐकलंच नाही ते. दुकानात सगळे तासावर खेळायचे. करंडकापर्यंत कुणाचा तास पुरलाय? मेमरी कार्डावर खेळ जपून ठेवावा, तर दुसऱ्या दिवशी दुसराच येऊन पुसायचा."

"मग तेवढं वाक्य काढून द्या ना त्यातून."

"साखरेचा परत ऊस करून देऊ का? हजार तुकडे करून कोंबलंय ते. जिंकायचं, म्हणजे तो आपण होऊन बोलेल."

दाराशी दोन टाळ्या वाजल्या. वागियो उभा होता.

"का नको, बापाक?" रारसने विचारलं.

आता 'का'चं उत्तर टाळ्यांत कसं देणार? वागियोने हात खाली सोडले. पण तो गेलाही नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि तबकडीकडे असं बघत राहिला, जसं आपल्याच जुन्या फोटोकडे माणूस बघतो, आवडत नाही पण नजर हटत नाही.

सार्जूचं जुनं मशीन तर मुंग्यांनी घर करून खाल्लं होतं. उरला रारसचा कॉम्प्युटर. त्यावर एम्युलेटर टाकायचा, म्हणजे कॉम्प्युटरला गेमच्या मशीनचं सोंग घ्यायला लावायचं, असं ठरलं. सार्जूने तो प्रोग्राम आणला होता, मशीनच्या पोटातली मूळ फाइलही जपून ठेवली होती. तिच्याशिवाय सोंग उभंच राहत नाही. राहिली तबकडी. तिच्यावर मांजराने नखं धारदार केल्यासारखे ओरखडे होते. खेळत असताना ती मध्येच अडकली तर सगळं फुकट, म्हणून आधी ती अख्खी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची होती.

ड्राइव्ह फिरायला लागला. आकडा चढत गेला, अर्ध्याच्या पुढे गेला आणि थांबला. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज यायला लागला.

"उलटा कर," सार्जू म्हणाला.

"काय उलटं करू?"

"कॉम्प्युटर. दुकानातलं मशीन असंच अडायचं. उलटं ठेवलं की चालायचं. सगळ्या जावा बेटावर असंच करायचे."

"लिक, ते मशीन होतं. ताट उलटं केल्यावर भात राहतो का ताटात?"

"फिरता भात राहतो."

रारसने बापाकडे पाहिलं. टाळी नाही. आकडा हलत नव्हता आणि तबकडी आत किंचाळत होती. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी तो चालता कॉम्प्युटर धरला आणि श्वास रोखून, भरलेली कढई उतरवावी तसा हळूहळू उलटा केला. वायर ताणली गेली. आवाज बदलला, किंचाळण्याचं गुणगुणणं झालं. आकडा हलला. पण खाली ठेवला की परत अडायचा. अधांतरी हवा होता त्याला. तेव्हा रारसने कपाटातून बाळाला बांधायची बाटिकची झोळी काढली, ज्यात तिला स्वतःला वाढवलं होतं, ती छताच्या वाशाला बांधली आणि कॉम्प्युटर डोकं खाली करून त्यात निजवला. तुम्ही हसा. तबकडीवरचा गेम झोळीतच पूर्ण उतरला. शेवटचा आकडा आला आणि आत काडकन आवाज झाला. ड्राइव्ह उघडला तेव्हा तबकडीचे चार तुकडे खाली पडले.

आता वागियोचा आवाज जगात एकाच जागी होता, आणि ती जागा छताला टांगलेली होती.

कॉम्प्युटर टेबलावर आला. सोंग सुरू झालं. पडदा काळा, मग निळा, मग हिरवंगार मैदान आणि ठोकळ्यासारखे चेहरे असलेले खेळाडू. रारसने कीबोर्डवर बटणं नेमून घेतली: बाणांनी पळायचं, एका अक्षराने चेंडू द्यायचा, दुसऱ्याने मारायचा. तिने पहिलाच चेंडू मारला आणि तो चुकून गेला सुद्धा जाळीत.

खोलीत चिडीचूप.

"आवाज?" ती म्हणाली.

सार्जूने स्पीकर थोपटला, वायर काढून परत लावली. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडत होते, प्रेक्षक हात हलवत होते, सगळं मुकं. रारसने बापाकडे बघायचं टाळलं. वागियो मात्र पहिल्यांदाच पुढे झुकून बसला होता.

मग सेटिंग धुंडाळणं आलं. आवाजाचे प्रकार तीन होते. पहिल्याने शांतता, दुसऱ्याने डबा घरंगळल्यासारखा खडखडाट, आणि तिसरा लावला तर घर भरून आवाज आला: "मान्यवर हो, पाहुणा संघ लज्जेने मान खाली घालून मैदानात पदार्पण करीत आहे."

स्वयंपाकघरात भांडी थांबली. बुदे जुमिराह, रारसची मोठी मावशी आणि उद्याच्या जेवणाची सेनापती, झारा घेऊन दारात आली. वागियोकडे बघितलं, वागियोचे ओठ मिटलेले. कॉम्प्युटरकडे बघितलं. मग भिंतीला टेकली.

"बुदे," रारस म्हणाली, "तुमच्या कुकरांची बटणं बंद करा. खटका पडला तर सगळं जाईल."

त्या घराचं मीटर म्हणजे हळवं काम. राईस कुकरांची गर्दी झाली किंवा पंपाबरोबर दुसरं काही चालू असलं की खटका पडून घर अंधारात जायचं. आज कुकर तीन होते.

"मांडवभर माणसं जेवायची आहेत. भात आधी की चेंडू आधी?"

"चेंडू."

जुमिराहने पाठ फिरवली. "हिच्या सासूला आधीच सांगायला हवं होतं," असं पुटपुटत गेली आणि एक एक करून कुकर बंद केले. चुलीत लाकडं सारल्याचा आवाज आला.

पण पहिल्या फटक्याला जमलं ते काही कायम जमत नाही. रारस रडतखडत अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तिथे बरोबरी झाली आणि पेनल्टी आल्या. उटणं सुकून कीबोर्डवर पिवळे पापुद्रे पडलेले.

"घाबरू नकोस," सार्जू म्हणाला. "या सोंगात एक सोय आहे. हे बटण दाबलं की वेळ जिथल्या तिथे राखून ठेवली जाते. हे दुसरं दाबलं की परत तिथेच. चुकलीस तरी मी मागे नेईन."

ती चुकली. चेंडू खांबावरून गेला. सार्जूने घाईघाईने बटण दाबलं.

"मागे का जात नाही?"

सार्जूचा चेहरा उतरला. "दुसरं बटण होतं, न्दुक. मी चूकच राखून ठेवली."

"लिक."

"मला सवय नाही गं. आमच्या दुकानात गेलं ते गेलं."

आता पुढचा चेंडू समोरच्याचा. तो जाळीत गेला असता तर करंडक गेला असता, आणि पहिल्यापासून सगळं परत खेळायचं तर पाहुणे फाटकाशी आले असते. समोरच्याने मारला. रारसने डोळे मिटून कुठलंतरी बटण दाबलं आणि गोलरक्षक आपटून पडला तो नेमका चेंडूवर. शेवटची पेनल्टी आली. रारसने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी नाही मारणार," ती म्हणाली. "माझ्याने होणार नाही."

वागियो उठला. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. आयुष्यात त्याने गेमला हात लावला नव्हता. तो फक्त बोलायचा. त्याने एक बोट पुढे केलं, बाणावर ठेवलं, लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "आता मारायचं अक्षर दाबा, बापाक. हलकेच." त्याने दाबलं.

श्रीमान चेंडू मखरात स्थानापन्न झाले.

करंडक वर गेला, कागदाचे कपटे पडायला लागले आणि वागियोचा तो जुना, तुपासारखा आवाज म्हणाला, "मान्यवर हो, हा करंडक आज वाजतगाजत घरी आला आहे, आणि या घरच्या लेकीचं नाव आहे रारस. रारस, बाळा..."

खटका पडला. मागल्या दारी कुणीतरी पंप लावला होता.

पडदा काळा झाला. पंखा मंदावत थांबला. स्पीकरवरचा लाल दिवा विझला. आणि आता ऐका, म्हणूनच म्हटलं कुणाला खरं वाटणार नाही. आवाज थांबला नाही. वीज नाही, काही नाही, कॉम्प्युटर थंडगार, तरी त्या काळोखी खोलीत आवाज पुढे बोलतच राहिला. थोडा खरखरला, पण जुनी तबकडी, ती अशी चार तुकड्यांत फुटलेली, खरखरायचीच. म्हणाला, "रारस, बाळा, उद्या तू जाशील. सुखाने नांद. सासरी कुणी आवाज चढवला तर तूही चढव. आणि दर सोमवारी इथे जेवायला ये."

आता मला सांगा, पाळण्यातल्या पोरीचं लग्न उद्यावर आलंय, हे त्या तबकडीला कसं कळलं? करंडक ऐकायला दारात आलेल्या जुमिराहच्या हातातून झारा गळून पडला. सार्जूने प्लग काढून हातात घेऊन बघितला. मोठमोठे इंजिनियर येऊन तो कॉम्प्युटर खोलून गेले, म्हणाले, आत साठून राहिलेल्या विजेचा प्रकार असावा, कारण दुसरं कुणी बोलण्यासारखं त्या खोलीत...

"खोटं," इथे, टपरीवरच्या आपल्या बाकाच्या टोकावरून आवाज आला, फरशीवरून बाक ओढल्यासारखा. तिथे वागियो काडीला टोचून भाजलेला टोफू खात बसला होता. त्याने काडी खाली ठेवली. "वीज गेल्यावर बोललो, तो मी."