पहिली गोळी

रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला सगळे ‘नवी’ म्हणत. कामाला लागून दोन वर्षं झाली, तरी ते नाव सुटलं नव्हतं. शनिवारी दुपारी वॉर्डातून आलेली चादरींची गठडी सोडताना तिच्या अंगठ्यात काहीतरी खस्सकन घुसलं. हातमोजा काढला तर रक्त. घडीत वापरलेली सुई राहिली होती.

मुकादम म्हणाला, “नळाखाली धर आणि लाग कामाला. उगाच बाऊ नको.”

नवीने साबणाने अंगठा धुतला. घरी आठ महिन्यांचं तान्हं होतं, अजून अंगावर पिणारं. तिने अपघात विभागातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“एचआयव्ही रोखायच्या गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात,” डॉक्टर म्हणाले. “बहात्तर तासांची मुदत असते, पण जितक्या लवकर तितकं बरं. औषधभांडाराची किल्ली ज्याच्याकडे आहे, तो मात्र फोन उचलत नाहीये. बाहेरून मागवतो. संध्याकाळ होईल.”

नवी मटकन खाली बसली. इस्त्रीवर काम करणाऱ्या काकूंनी यंत्र बंद केलं आणि तिच्या हातातून फोन घेतला.

“डॉक्टर, माझ्या पिशवीत आहेत.”

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचायला लावलं, नवीला मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का ते विचारलं आणि म्हणाले, “हीच. एक द्या.”

“तुमच्याकडे कशा या गोळ्या?” मुकादमाने विचारलं.

“मी घेते म्हणून. अकरा वर्षं झाली.”

नवीच्या मनात पाल चुकचुकली: रोज यांच्याच डब्यात जेवतो आपण. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने गोळी गिळली.

अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. बाळाला वरचं दूध लावलं; ते रडून घर डोक्यावर घ्यायचं. मुकादमाने मधल्या काळात काकूंना दुसरीकडे हलवायची चिठ्ठी वर पाठवली. नवीने सुईची आणि त्याच्या बोलण्याची लेखी तक्रार दिली. काकू जागेवर राहिल्या. लाँड्रीतल्या दोघीजणी मात्र त्यांच्यासोबत जेवायला बसेनाशा झाल्या, त्या झाल्याच.

तीन महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट आला. काही निघालं नाही. तेव्हा कुठे नवीने विचारलं, “काकू, मला बाजूला घेऊन द्यायची होती ना गोळी. सगळ्यांसमोर कशाला?”

“डॉक्टर लवकर म्हणाले होते,” काकू म्हणाल्या. “आणि तुझे पाय उठत नव्हते.”