जांभळा झगा आणि एमआरआय

दवाखान्यातला तो पाठीमागे उघडा, पोत्यासारखा झगा बघून माझ्या नातीनं नाक मुरडलं. "हा घालून मी मशीनमध्ये जाणार नाही." टिकली म्हणतो आम्ही तिला. शिंप्याच्या घरची पोर, बरोबरच आहे तिचं.

पण जाणं भाग होतं. तिच्या मेंदूतली गाठ काढली, आणि नंतर ती मेली कमरेच्या हाडात जाऊन बसली. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही गाठ डोकं-मणका सोडून सहसा बाहेर जात नाही." म्हटलं, आमच्या घरचं कुणी एका जागी बसलंय कधी? नवं औषध सुरू झालं. ते लागू पडतंय का, हे या तपासणीत कळणार होतं.

म्हणून मीच झगा शिवला. मऊ, जांभळा, नाड्यांचा. मशीनला धातू चालत नाही, म्हणून ना हूक, ना बटण.

तपासणीच्या दिवशी दारात मशीनवाल्या बाईंनी टिकलीच्या अंगातल्या नव्या झग्यावरून धातू शोधायची दांडी फिरवली. पीं!

"आजी, यात काहीतरी धातूचं आहे."

"तुमची दांडी बिघडलीय. माझ्या हातचं काम आहे हे."

पुन्हा पीं. बाईंनी ते पोतं पुढे केलं. टिकलीनं खुर्ची घट्ट धरली. "आता नंबर जाईल हं," बाई म्हणाल्या.

सूनबाई, म्हणजे टिकलीची आई, खाली बसली, घेरावरून बोटं फिरवली आणि दुमडीतून टाचणी ओढून काढली. पिवळ्या डोक्याची. घरात तसल्या टाचण्या फक्त माझ्या. दुसऱ्या कुणाची हात लावायची टाप नाही.

"सासूबाई, तुमचीच," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात म्हणाली!

टिकली खुर्ची सोडून टाळ्या पिटायला लागली. कपड्यात टाचणी राहिली की कान धरून उभं राहायचं, हा आमच्या दुकानाचा नियम. केलाय मीच.

"आजी, धर कान! मी बाहेर येईपर्यंत सोडायचे नाहीत!" आणि पोरगी आपल्या पायांनी आत गेली, हसत.

मी उभी राहिले. लोक बघत होते. बघू देत.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, "गाठ गेलेली नाही, पण चांगली आक्रसलीय. औषध चालू ठेवायचं."

"आक्रसलीय म्हणजे केवढी?"

त्यांनी दोन बोटांत दाखवलं. "एवढी होती." मग बोटं जवळ आणली. "आता एवढी."

"हलू नका," म्हटलं, आणि पिशवीतली टेप काढून त्यांच्या बोटांमधलं माप घेतलं.