रांगोळीतली वेस्ट बँक

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळात दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेला दरवर्षी मोरच मोर. यंदा नीलांबरी हॉलमध्ये शिरली आणि लेकीची रांगोळी बघून जागीच थबकली. मोर नाही, कमळ नाही, चक्क नकाशा!

"इला, काय गं हे?"

"वेस्ट बँक. हनानचं गाव आहे ना तिथे."

हनान म्हणजे इलाची कॉलेजातली मैत्रीण, इथे स्टुडंट व्हिसावर शिकणारी. नीलांबरीचाच जांभळा कुर्ता घालून ती शेजारी ठिपके काढत बसली होती.

"सिक्स्टी सेव्हनपर्यंत जॉर्डनकडे होतं, मग इस्रायलने घेतलं," इला सांगू लागली. "नाइंटी फाइव्हमध्ये तीन भाग केले. हिरव्या ए मध्ये पॅलेस्टिनी लोकांचा कारभार. पिवळ्या बी मध्ये कारभार त्यांचा, पण बंदोबस्तात इस्रायलपण. लाल सी पूर्ण इस्रायलच्या कंट्रोलमध्ये. टेम्पररी म्हणून केलेलं, अजून तसंच आहे. हनानच्या आजीचं घर बी मध्ये आणि ऑलिव्हची झाडं सी मध्ये. स्वतःच्या झाडांकडे जायला परमिट लागतं, आई!"

आजीचं नीलांबरीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण टेम्पररी म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. इलाला एकविसावं पूर्ण होत होतं, आईबापाच्या व्हिसावर आता राहता येणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुंबईला स्टुडंट व्हिसाचा इंटरव्ह्यू. सोशल मीडिया अकाउंट्स पब्लिक ठेवा, अशी वकिलातीची सूचना आलेली. पॅलेस्टाइनच्या बाजूने काही दिसलं तर व्हिसा नाकारतात, असलेलाही काढून घेतात, असं कानावर होतं. भीतीपोटी नीलांबरीने लेकीचे मांजरांचे फोटोसुद्धा दोनदा तपासले होते. व्हिसा नाकारला तर पोर तिकडेच अडकणार. मुंबईत तिला धड रस्ता ओलांडता येत नाही.

मुली हात धुवायला गेल्या आणि मंडळाच्या शुभाकाकू मोबाइल घेऊन उगवल्या.

"पहिलं बक्षीस बरं का! फोटो फेसबुकवर टाकलासुद्धा. फक्त नाव घालायचंय. पूर्ण सांग हं, वडिलांच्या नावासकट. आपल्यात अर्धं नाव बरं नाही दिसत."

"काकू, काढून टाका ना तो."

"अगं, लाजतेस काय? सत्तर लाइक्स आलेत!" काकूंनी टायपायला सुरुवातही केली. "इला राजीव..."

नीलांबरीने चटकन काकूंचा हात धरला.

"इलाची नाहीये ती," ती म्हणाली. "तिच्या मैत्रिणीची आहे. हनान."

"हो का? पुढे?"

गेल्याच रविवारी चहा पिताना त्या पोरीने घरचं सगळं विश्वासाने सांगितलं होतं. नीलांबरीने तिचं पूर्ण नाव, कुठली तेही, सावकाश, चुका होऊ न देता सांगितलं. सांगून झाल्यावर तिला हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला किळस आली.

मुली परतल्या. काकूंनी हनानपुढे मोबाइल धरला. फोटो पाहून तिचा चेहरा फुलला.

"काकू, व्हॉट डझ इट से?" तिने नीलांबरीला विचारलं. काकू हा शब्द ती नुकतीच शिकली होती.

नीलांबरी वाकून रांगोळीच्या कडेची पणती सरळ करू लागली. शेवटी इलानेच अडखळत मराठी वाचलं, "कलाकार, हनान सलीम ओदेह, वेस्ट बँक." मग ती आईकडे बघत राहिली.

हनान मात्र हरखून गेली होती.

"सो स्वीट! धिस इज पब्लिक, राइट? आय विल सेंड इट टु माय ग्रँडमा."